मुंबई विमानतळावरून कोकणातल्या घरापर्यंत खासगी गाडी कशी ठरवावी

खेड, दापोली, चिपळूण या पट्ट्यातली कितीतरी माणसं कुवेत, दुबई, सौदीला नोकरीला आहेत. त्यामुळे विमानतळावरून माणूस आणायला गाडी ठरवणं हे आमच्याकडे नेहमीचं काम. आमच्या घरात ते माझ्याकडे आलं, मग वाडीतले विचारू लागले, आणि आता ओळखीच्यांचे पाहुणेही फोन करतात. नवख्या माणसाची गल्लत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. तो पहिला प्रश्न विचारतो, "किलोमीटरला किती?" त्याआधी विचारायचा प्रश्न असा: गाडी कुठून निघणार आणि रिकामी किती धावणार? भाडं, वेळ, ड्रायव्हरची दमछाक, सगळं त्यावर ठरतं.

हा लेख मुख्यतः मुंबईहून रत्नागिरी जिल्ह्यात येणाऱ्यांसाठी आहे. सिंधुदुर्गात जाणाऱ्यांसाठी गोव्यातल्या मोपा विमानतळाचं वेगळं लिहिलं आहे.

आधी एवढं हाताशी ठेवा

- विमान क्रमांक, उतरण्याची तारीख आणि वेळ. रात्री १२ नंतर उतरणार असाल तर तारीख दोनदा तपासा. "शनिवारी रात्री दीड" म्हटलं की निम्मी माणसं शुक्रवारची रात्र धरतात आणि निम्मी शनिवारची.
- टर्मिनल
- माणसं किती, बॅगा आणि खोके किती
- घराचं लोकेशन आणि गावातल्या एका माणसाचा फोन
- ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहिलेला
- थोडी रोख रक्कम. घाटात आणि गावात नेटवर्क नसलं की यूपीआयही नाही.

१. विमानतळ नक्की कोणता ते बघा

पूर्वी मुंबई म्हटलं की सहार किंवा सांताक्रूझ, एवढाच प्रश्न असायचा. सहार म्हणजे टर्मिनल २, सांताक्रूझ म्हणजे टर्मिनल १. आखातातली विमानं टर्मिनल २ ला येतात, पण देशांतर्गत विमानं दोन्हीकडे येतात. म्हणून "देशातलं विमान म्हणजे टर्मिनल १" असं गृहीत धरू नका.

आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. तिथल्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. तिकिटावर मुंबईसाठी बीओएम आणि नवी मुंबईसाठी एनएमआय असं लिहिलेलं असतं. कोकणात येणाऱ्याला नवी मुंबई फार सोयीची, कारण पनवेल बाजूलाच आहे आणि आपला मुंबई-गोवा महामार्ग तिथूनच सुरू होतो. तिकिटाच्या दरात थोडाच फरक असेल तर मी नवी मुंबई घ्यायला सांगेन. मात्र ड्रायव्हरला ते स्पष्ट सांगा. सवयीनं गाडी थेट अंधेरीला जाऊन उभी राहायची.

२. गाडी गावची, मुंबईची की रिटर्न?

गावची गाडी म्हणजे तुमच्या भागातल्या टूरवाल्याची. तो तुम्हाला आणायला मुंबईपर्यंत रिकामा जातो, म्हणजे भाडं दोन्ही बाजूंचं. पण त्याला वाडी माहीत असते, रस्ता कुठे खोदलाय ते माहीत असतं, आणि घरचे त्याला ओळखतात. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा पहिल्यांदाच येणारं कोणी असेल तर मी हीच गाडी सांगते.

मुंबईची गाडी ॲपवरून किंवा एखाद्या ट्रॅव्हल्सकडून मिळते. एकेरी भाडं मिळालं तर स्वस्त पडते. अडचण दोन ठिकाणी येते. ऐन वेळी ड्रायव्हर "इतक्या लांब नाही जमणार" म्हणून रद्द करतो. आणि आलाच, तर महामार्ग सोडल्यावर आतल्या रस्त्याला कुरकुर सुरू होते. शहरात किंवा महामार्गालगत जायचं असेल तर चालेल. आडगावात, रात्री, नको.

रिटर्न गाडीबद्दल बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. आपल्याकडून कोणाला तरी विमानतळावर सोडायला गाडी जाते आणि परत रिकामी येते. टूरवाल्याला चार-पाच दिवस आधी फोन करून विचारा, "अमक्या रात्री कोणाला सोडायला गाडी जातेय का?" जात असेल तर भाड्यात चांगलीच सूट मिळते, कारण एका बाजूचे पैसे पहिल्या गिऱ्हाईकानं दिलेले असतात. अट एवढीच की वेळ जुळली पाहिजे, आणि पहिल्या माणसाचा बेत बदलला तर तुमचाही बदलतो. एकटा तरुण माणूस असेल तर जरूर बघा. आजारी माणसाला घेऊन येत असाल तर या भरवशावर राहू नका.

एकटेच असाल, एक बॅग असेल आणि दिवसा उतरत असाल, तर टॅक्सीनं पनवेल किंवा ठाणे स्टेशन गाठून कोकण रेल्वे पकडणं कधीही बरं. तिकीट मात्र आधी काढलेलं हवं.

३. भाड्याचा हिशेब स्वतः मांडा

दर समोर ठेवून आकडेमोड करू. समजा, टूरवाला म्हणाला किलोमीटरला १४ रुपये. मुंबई ते रत्नागिरी अंतर सुमारे ३४० किलोमीटर. तुम्ही मनात ३४० गुणिले १४ केलंत, ४,७६० रुपये. बिल मात्र दोन्ही बाजूंचं येतं: ६८० गुणिले १४, म्हणजे ९,५२० रुपये. त्यावर ड्रायव्हर भत्ता, टोल आणि पार्किंग. यात फसवणूक काही नाही, धंद्याची रीतच तशी आहे. पण ती आधी माहीत हवी.

आणखी तीन गोष्टींनी आकडा वाढतो.

पहिली, गॅरेज टू गॅरेज. किलोमीटर तुमच्या घरापासून मोजत नाहीत, मालकाच्या दारापासून मोजतात. गाडी रत्नागिरी शहरातली आणि तुमचं घर जयगडला असेल तर तो फेराही मीटरवर चढतो.

दुसरी, दिवसाचं किमान अंतर. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक जण दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. चिपळूणसारख्या, म्हणजे सुमारे २५० किलोमीटरवरच्या ठिकाणी हे लागू पडतं. गाडी दुपारी दोनला निघाली, विमान रात्री एकला उतरलं आणि घरी यायला सकाळ झाली, तर तारीख बदलल्यामुळे दोन दिवस धरले जातात. दोन दिवसांचे किमान ६०० किलोमीटर, धावलेले ५००. शंभराचे पैसे न धावताच गेले.

तिसरी, विमानाला उशीर. दोन-तीन तास थांबायचे पैसे बरेच जण घेत नाहीत, पण विमान सकाळवर गेलं तर काय, हे आधी बोलून घ्या.

म्हणून माझा सल्ला: किलोमीटरच्या दरानं ठरवूच नका. उक्तं भाडं ठरवा. विमानतळ ते घर, टोल, पार्किंग, भत्ता, रात्रीचं जादा, सगळं धरून एकच आकडा. त्यात थोडे जास्त गेले तरी चालतील, दारात उतरल्यावर वाद नको.

आगाऊ रक्कम थोडीच द्या, गाडी अडवून ठेवण्यापुरती. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर दिसणारं नाव टूरवाल्याचंच आहे ना ते बघा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर पैसे पाठवू नका आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. ओळखीतून मिळालेला, गावात गाड्या उभ्या असलेला माणूस सगळ्यात चांगला.

४. माणसं मोजता, तसे खोकेही मोजा

सात सीटची गाडी म्हणजे सात माणसं किंवा सामान, दोन्ही नाही. एर्टिगासारख्या गाडीत मागची तिसरी सीट उघडली की डिकीत जेमतेम दोन हातबॅगा राहतात. डिझायरसारखी गाडी सीएनजीवर असेल तर डिकीत सिलिंडर असतो आणि मोठी बॅग आत जातच नाही. फोनवर "डिकी मोठी आहे" ऐकून भागत नाही. डिकी उघडून काढलेला फोटो मागवा.

माझा आतेभाऊ सहकुटुंब आला तेव्हा टूरवाल्यानं "बसेल हो सगळं" म्हणून सांगितलं होतं. दोरीनं बांधलेले चार खोके शेवटी जोगेश्वरीला मामांकडे ठेवून यावं लागलं, आणि ते आणायला पुन्हा एक फेरी झाली. टपावर कॅरियर आहे का, ताडपत्री आणि दोर आहे का, हे तेव्हापासून मी पहिल्याच फोनला विचारते. पावसाळ्यात ताडपत्रीवाचून खोका टपावर चढवू नका. महाडपर्यंत त्याचा लगदा होतो.

आणि घरून आणायला जाणारी मंडळी! कौतुकापोटी चौघं गाडीत बसून येतात आणि मग आलेल्या माणसालाच पाय पसरायला जागा नसते. एकच जण पाठवा. तो का हवा ते पुढे येईल.

५. गाडीचं पासिंग तपासा

भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्यानं चालवायला परवानगी नसते. ओळखीचा आहे, स्वस्तात येतो म्हणून लोक पांढऱ्या पाटीची गाडी घेतात, पण अपघात झाला तर विम्याचं सगळं अडतं. इतक्या लांबच्या रस्त्याला हा धोका पत्करू नये.

आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव मागून घ्या. रत्नागिरीची गाडी एमएच ०८, सिंधुदुर्गची एमएच ०७, पेणच्या पासिंगची एमएच ०६.

६. घराचा पत्ता ड्रायव्हरला कळेल असा द्या

कोकणात एका गावात दहा वाड्या, आणि मधलीवाडी, खालचीवाडी, वरचीवाडी ही नावं गावोगाव तीच. मॅपवर नुसतं गावाचं नाव टाकलं की गाडी ग्रामपंचायतीपाशी किंवा भलत्याच सड्यावर नेऊन सोडते. घरच्या कोणाला तरी अंगणात उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा. सोबत चार ओळी लिहून द्या: महामार्ग कोणत्या फाट्याला सोडायचा, पुढे कोणतं देऊळ किंवा शाळा लागते, वळण कुठलं. आत शिरल्यावर नेटवर्क जातं, तेव्हा त्या चार ओळीच कामाला येतात.

गाडी अंगणापर्यंत जाते का, हेही सांगा. कित्येक घरं रस्त्याच्या खाली असतात आणि पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, उतरावं लागतं. पहाटे पाचला जड बॅगा घेऊन पाखाडी उतरायची तर घरून दोन माणसं वर आलेली हवीत. इनोव्हा वळवायला जागा आहे का तेही विचारून ठेवा.

७. ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये पाठवा

फोनवर बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर असं लिहून पाठवा:

"नमस्कार. दि. १४, रविवार पहाटे १:२० (शनिवारची रात्र संपल्यावर) मुंबई टर्मिनल २ ला उतरणार. विमान क्र. ____. माणसं ४, मोठ्या बॅगा ५, खोके २. गाडी कॅरियरसह. उतरण्याचं ठिकाण सोबतच्या लोकेशनप्रमाणे. उक्तं भाडं ____ रुपये, टोल, पार्किंग, भत्ता धरून. विमानाला ४ तासांपर्यंत उशीर झाला तरी जादा पैसे नाहीत. आगाऊ ____ दिले. कृपया 'ठीक आहे' असं कळवा."

"ठीक आहे" आल्याशिवाय गाडी ठरली असं मानू नका. आदल्या दिवशी सकाळी परत एक फोन करा. गणपती, शिमगा आणि मे महिना यांत तर हा फोन चुकवूच नका. त्या दिवसांत गाड्यांची इतकी ओढाताण असते की एकाच गाडीचे दोन शब्द दिले जातात. गणपतीसाठी गाडी महिनाभर आधी धरा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांना गेली काही वर्षं गणपतीत सरकार टोलमाफीचे पास देतं. तो पास काढलाय का, हे ड्रायव्हरला विचारा.

८. उतरल्यावर

परदेशातून येणाऱ्यांचं भारतीय सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं, आणि विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो. निघण्यापूर्वी रिचार्ज करून घ्या, नाहीतर रोमिंग चालू ठेवा. दोन्ही नसेल तर कागदावरचा नंबर दाखवून शेजारच्या माणसाचा फोन मागा. कोणी नाही म्हणत नाही.

इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम मिळून तास-दीड तास सहज जातो. म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवा: "बॅगा हातात आल्या की फोन करते, तोपर्यंत गाडी पार्किंगला आणू नका." विमानतळाचं पार्किंग वेळेनुसार वाढतं.

भेटायची जागा खांबाच्या किंवा गेटच्या नंबरासकट ठरवा. "बाहेर उभा आहे" याला टर्मिनल २ वर काही अर्थ नाही. आगमन खालच्या मजल्यावर, प्रस्थान वर. काही ड्रायव्हर पार्किंगचे पैसे वाचवायला वर प्रस्थानाच्या दारात या म्हणतात. तिथे गाडी उभी करू देत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांना बॅगांसह वर-खाली करणं जिवावर येतं. नाही म्हणा.

बाहेर पडताच "गाडी पाहिजे का? रत्नागिरी? चिपळूण?" करत माणसं मागे लागतात. ट्रॉलीला हात लावू देऊ नका. "तुमच्या ड्रायव्हरनंच पाठवलंय" असं कोणी म्हणालं तर ड्रायव्हरला फोन लावा आणि गाडीचा नंबर जुळवा. नंबर जुळल्याशिवाय सामान चढवायचं नाही.

९. रस्ता आणि ड्रायव्हरची झोप

भाड्यात हजार रुपये जास्त गेले तर ते परत कमावता येतात. या टप्प्यातली चूक भरून निघत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आखातातली बरीच विमानं रात्री उतरतात. गावची गाडी दुपारी निघालेली असते. ड्रायव्हर आठ-नऊ तास गाडी हाकून येतो, विमानतळाबाहेर सीटवर अंग आखडून बसतो, आणि पहाटे दोनला पुन्हा तेवढाच रस्ता सुरू करतो. तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा तुम्ही पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव या पट्ट्यात असता. रस्ता कुठे चौपदरी, कुठे अचानक वळवलेला, समोरून ट्रक. कशेडीला बोगदा झाल्यामुळे घाटाचा त्रास कमी झाला, पण झोप लागायला घाटच लागतो असं नाही, सरळ रस्त्यावर ती लवकर लागते.

गाडी ठरवतानाच टूरवाल्याला सांगा की ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत मुंबईत पोचून झोपलेला हवा. मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे त्याच्या अंग टाकण्याची सोय करा. सगळ्यात उत्तम म्हणजे दोन ड्रायव्हर. थोडे जास्त पैसे पडतात, पण मी त्यासाठी दुसरीकडे कुठेही काटकसर करेन. तेही जमत नसेल तर पनवेलच्या आसपास थांबून उजाडल्यावर निघा. घरची माणसं वाट बघत असतात हे खरं, तरी तीन तास उशिरा पोचलात तर कोणाचं काही बिघडत नाही.

घरून आणायला एक जण यावा असं वर म्हटलं ते याचसाठी. विमानातून उतरलेला माणूस दहा मिनिटांत घोरू लागतो. पुढच्या सीटवर बोलत बसणारं, जागं राहणारं कोणी हवं. ड्रायव्हर वारंवार डोळे चोळतोय, काच खाली करतोय, गाणी मोठ्यानं लावतोय असं दिसलं की पुढच्या ढाब्यावर थांबा. चहानं झोप जात नाही. त्याला अर्धा तास झोपू द्या. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावा.

कधीकधी ड्रायव्हर पुण्यावरून जाऊ म्हणतो: एक्सप्रेसवे, मग सातारा, पुढे चिपळूणसाठी कुंभार्ली घाट किंवा रत्नागिरीसाठी कोल्हापूरहून आंबा घाट. महामार्ग कुठे तुंबला असेल तर हा मार्ग चांगला, पण किलोमीटर वाढतात आणि टोलही: एक्सप्रेसवेचा, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, कोल्हापूरला गेलात तर किणी. उक्तं भाडं ठरलं असेल तर हा वाढीव खर्च कोणाचा, ते निघण्यापूर्वी बोला. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद होतात, म्हणून जून ते सप्टेंबर शक्यतो दिवसाउजेडीच प्रवास ठेवा. रस्त्यात काही झालं तर ११२ लावा.

१०. सिंधुदुर्गात जायचं असेल तर

सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण इथे जाणाऱ्यांनी मुंबईत न उतरता मोपाचं विमान बघावं. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरतात, आणि बांदा तिथून अगदी जवळ. सिंधुदुर्गातलाच चिपीचा विमानतळ आणखी जवळ, पण तिथली विमानं मोजकी. गोव्याचं तिकीट काढताना कोड बघा: मोपा म्हणजे जीओएक्स, दाबोळी म्हणजे जीओआय. दाबोळीला उतरलात तर सावंतवाडीला पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. विमानतळावर स्थानिक टॅक्सीचे काउंटर आहेत, किंवा सिंधुदुर्गातून गाडी बोलवा. बोलावलेली गाडी असेल तर बुकिंगचा मेसेज फोनमध्ये उघडा ठेवा, कारण बाहेरच्या गाडीनं भाडं उचललं की तिथे हुज्जत होते. गोव्याची टॅक्सी घेतलीत तर महाराष्ट्रात यायचं परमिट आणि कर भरलाय का, हे बसण्याआधी विचारा. आणि गोव्यातून परवान्याशिवाय दारूची बाटली आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्काचा तपासणी नाका आहे. बाटली सापडली तर ड्रायव्हरची गाडीही अडकते, आणि त्याचं पोट त्या गाडीवर असतं.

११. घरी पोचल्यावर आणि परत जाताना

सामान उतरवताना मोजा. सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात आणि कॅरियरवर बघा. पासपोर्टची पिशवी हातात आहे ना ते बघूनच पैसे चुकते करा. रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला नाश्ता द्या आणि ओटीवर दोन तास झोपू द्या. त्याला लगेच परत पाठवू नका.

परतीची गाडी त्याच वेळी सांगून ठेवा. जायची वेळ उलटी मोजत या. पहाटे चारचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर रात्री एकला विमानतळावर हवं. रत्नागिरीहून नऊ तास धरा, त्यावर दोन तास हातचे ठेवा. म्हणजे दुपारी दोनला घर सोडायचं. गणपतीनंतरच्या परतीच्या गर्दीत हातचे दोन तास पुरत नाहीत, तेव्हा सकाळी आठलाच निघा.